गाव रिकामं होतंय? ठाण्यात बसून पैसे पाठवायच्या आधी ग्रामसभेत जाऊन बसा

मी राहते कळव्यात, माहेर मुरबाड तालुक्यातलं, माळशेजच्या अलीकडचं. लोकलने कल्याण, तिथून एसटी, मुरबाडला उतरलं की जीप नाहीतर भाचा बाईक घेऊन येतो, धरून चाला अडीच-तीन तास. म्हणजे गाव काही लांब नाही, तरी आमच्या वाडीतल्या ४२ घरांपैकी १९ घरांना बारमाही कुलूप आहे, आणि उरलेल्यातली बरीच घरं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आल्यावरच परत येतात. दरवर्षी शिमग्याला गेलं की अजून एक कुलूप वाढलेलं दिसतं आणि पोटात कालवतं.

ठाण्यात आमचं गावकरी मंडळ आहे, तुमचंही असेल. इतकी वर्षं आम्ही वर्गणी काढून मंदिर बांधलं, मग सभामंडप, मग वेशीवर कमान. मंदिर छान झालंय, माझाही त्यात हातभार आहे आणि त्याचा आनंदच आहे, पण कमानीखालून गावात येणारी माणसं कमी होत गेली. मग आम्ही सात-आठ जणांनी मागची चार वर्षं वेगळ्या पद्धतीने काम केलं, त्यात जे जमलं, जे फसलं ते सगळं इथे लिहितेय. एकच गोष्ट डोक्यात ठेवून वाचा, गावात आणायचे पैसे आणि निर्णय घ्यायचे अधिकार दोन्ही ग्रामपंचायतीत ऑलरेडी आहेत, १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती (पंचायतींना घटनेत स्थान देणारी) लागू झाली तेव्हापासून आहेत. फक्त त्या सभेत कागद घेऊन बसणारी माणसं नाहीत.

सगळ्यात आधी मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडा. केंद्र सरकारचं पोर्टल आहे, २०२० पासून चालू आहे. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत गेलात की त्या वर्षाचा विकास आराखडा दिसतो, कुठलं काम, किती रकमेचं, कुठल्या निधीतून, आणि खर्च किती पडला तेसुद्धा. लॉगिन लागत नाही. आम्ही पहिल्यांदा उघडलं तेव्हा मंडळातले निम्मे लोक म्हणाले हे आपल्या गावाचं नसेल. आपलंच होतं. आराखड्यात आमच्या वाडीचं नाव फक्त एका कामासमोर होतं, बाकी सगळी कामं रस्त्यालगतच्या मोठ्या गावठाणात. यात कोणी काही खाल्लं असं माझं म्हणणं नाही, आराखडा ठरवायला जे बसले त्यांनी आपल्या दारासमोरचं काम लिहिलं आणि आम्ही तिथे नव्हतो, इतकं साधं आहे ते. तो आराखडा प्रिंट काढून गावात घेऊन जा, मोबाईलवर दाखवू नका, कागद हातात दिला की म्हातारी माणसंसुद्धा कुणाकडून तरी वाचून घेतात आणि मग बोलायला लागतात.

दुसरं काम म्हणजे घरोघर जाऊन विचारणं. मोठा सर्व्हे वगैरे करू नका, एक वही घ्या आणि दोन संध्याकाळी फिरा. घरात किती माणसं, बाहेर कोण गेलं, कुठे गेलं, कुठल्या महिन्यात गेलं, आणि काय असतं तर गेलं नसतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मला वाटलं होतं लोक नोकरी सांगतील. सांगितली काहींनी, पण जास्त लोकांनी पाणी सांगितलं, फेब्रुवारीत विहीर तळाला जाते, मग भाजीपाला नाही, मग हातात पैसा नाही, मग मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते ती फेडायला भट्टीवर जायचं. त्याखालोखाल शाळा, त्याखाली दवाखाना. ही वही पुढे ग्रामसभेत कामाला येते, कारण तिथे "आमच्याकडे लय प्रॉब्लेम आहेत" म्हटलं की कोणी ऐकत नाही, "४२ पैकी ११ घरं पाण्यामुळे जातात, ही नावं" म्हटलं की सरपंचसुद्धा खुर्ची पुढे ओढून बसतात.

आता ग्रामसभा. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण सगळी गाडी इथेच अडते.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्याच लागतात, बहुतेक ठिकाणी त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास असतात. सात दिवस आधी नोटीस लागते. गणपूर्ती म्हणजे कोरम, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. कोरम नाही झाला की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही, दहा-पंधरा माणसांत सगळं मंजूर होऊन जातं. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चाललेलं. म्हणून पहिलं टार्गेट एवढंच ठेवा की पहिल्याच सभेला कोरम भरला पाहिजे. त्यासाठी वेळ बघा, सकाळी अकराची सभा मजुरीवर जाणाऱ्याला जमत नाही, तर वेळ बदलायचा अर्ज आधीच द्या.

ठाण्यातल्या आपल्यासारख्यांनी एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे तोच ग्रामसभेचा सदस्य. माझं नाव कळव्यात आहे, म्हणजे मला तिथे मत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण फेब्रुवारीत हंडा घेऊन मी चालत नाही, माझी वहिनी चालते. (दोन्हीकडे नाव ठेवणारे लोक आहेत, तसं करू नका, तो गुन्हा आहे.) आपलं काम कागदाचं, अर्ज लिहून देणं, शासन निर्णय शोधून त्याची कॉपी काढणं, तालुक्याला चक्कर मारणं. बोलायचं गावातल्या माणसाने. पहिल्या वर्षी आमच्या मंडळातल्या एका दादांनी सभेत उभं राहून पाऊण तास भाषण केलं आणि गावातली माणसं उठून गेली, तो धडा आम्हाला पुरला.

तारखेचं गणितही लक्षात घ्या. ग्रामपंचायत विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या काळात तयार होतो. आपण मुंबई-ठाण्याची माणसं गावाला जातो मे महिन्यात, लग्न आणि आंबे, आणि तेव्हा १ मेच्या सभेत तावातावाने कामं मागतो, तोपर्यंत चालू वर्षाचा आराखडा ठरून गेलेला असतो. सुट्टी वाचवून ऑक्टोबरला जा.

विषय सभेच्या पत्रिकेवर यावा म्हणून आधी लेखी अर्ज द्या, सरपंचांच्या नावाने, ग्रामसेवकांकडे (आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात सगळे ग्रामसेवकच म्हणतात), आणि दुसऱ्या कॉपीवर सही-शिक्का-तारीख म्हणजे पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यात आहे. आमच्याकडे ती कागदावर व्हायची, अंगणवाडीत सह्या फिरायच्या. आम्ही ती खरंच भरवली, रात्री जेवणं आटपल्यावर, वहिनीच्या पडवीत, २६ बायका आल्या. पुरुषांच्या बोलण्यात समाजमंदिर होतं, बायकांनी विहिरीचा कठडा सांगितला, कारण पाणी खाली गेलं की वाकून ओढावं लागतं आणि एकीचा पाय घसरून मोडला होता. दुसरं पाड्याकडच्या पायवाटेवर दिवा. तिसरं गावठी दारूचा धंदा बंद. तिन्ही ठराव लिहून मोठ्या सभेत मांडले, पहिले दोन झाले, तिसऱ्यासाठी अजून भांडतोय.

ठराव कसा लिहायचा हे खूप महत्त्वाचं आहे. "वाडीचा पाणीप्रश्न सोडवावा" असा ठराव झाला तर काहीच होत नाही, कारण त्यात कोणी, काय, कधी, कुठल्या पैशातून यातलं एकही नाही. आम्ही असा लिहिला होता: "वाडीच्या सार्वजनिक विहिरीतील गाळ काढणे, कठडा बांधणे व विहिरीच्या वरच्या अंगाला पुनर्भरण चर खोदणे हे काम पुढील वर्षाच्या आराखड्यात बंधित निधीतून घेण्यात यावे, काम मे अखेर पूर्ण व्हावे, देखरेखीसाठी पाच ग्रामस्थांची समिती असावी व त्यात किमान दोन महिला असाव्यात." (बंधित निधी म्हणजे काय ते खाली पैशाच्या भागात लिहिलंय.) खाली सूचक, अनुमोदक, दोघांची नावं. सभा संपायच्या आधी इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा, नंतर लिहू म्हणतात ते ऐकू नका, शांतपणे बसून राहा, चहा मागवा, पण लिहून झाल्याशिवाय उठू नका. आणि आठवड्याभराने ठरावाची नक्कल मागा. दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, ३० दिवस. मला तो एकदाच करावा लागला, आणि तोही समोरासमोर बोलून झाल्यावर. पहिल्याच दिवशी माहिती अधिकार टाकलात तर ग्रामसेवक तुमचे दुश्मन होतात आणि खरं सांगू का, तीन-तीन गावांचा चार्ज सांभाळणारी ती माणसं असतात, त्यांना मदत केली तर ते भरपूर काही समजावून सांगतात.

पैशाचं. गावाला मोठा निधी येतो तो केंद्राच्या वित्त आयोगाचा. १५व्या वित्त आयोगाच्या काळात महाराष्ट्रात या निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला असं वाटप होतं. त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी, पाणी साठवण-पुनर्भरण आणि स्वच्छता यावरच खर्च करायचा, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि ऑफिस खर्चाला नाही. १५व्याचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा, १ एप्रिल २०२६ पासून १६व्याचा, तेव्हा त्यापुढच्या कामांसाठी वाटपाचा ताजा शासन निर्णय ग्रामसेवकांकडून मागून घ्या आणि मगच ठराव लिहा. याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावाच लागतो. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावं पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात येतात, तिथे आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो, आणि पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेऊन स्वतःची ग्रामसभासुद्धा घेता येते. तुमचा पाडा त्यात असेल तर हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

आणि आता आपल्या ठाणेकरांचा विषय, घरपट्टी. कुलूप लावलेल्या घराची घरपट्टी कोण भरतं? आमच्या १९ घरांपैकी १४ घरांची थकीत होती, काहींची दहा-दहा वर्षांची, माझ्या भावाचीसुद्धा. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्नच नसेल तर ती वरून येणाऱ्या निधीच्या तोंडाकडे बघत बसणार, दिव्याचं बिल भरता येत नाही म्हणून दिवे बंद, नळाच्या मोटारीचं बिल थकलं म्हणून पाणी बंद. छत्रपती संभाजीनगरजवळचं पाटोदा गाव माहीत असेल, भास्करराव पेरे पाटलांचं, तिथे सगळा कर भरणाऱ्याला गावच्या गिरणीतून दळण फुकट. कर भरला की काय मिळतं ते रोज पिठाच्या रूपात दिसतं, म्हणून लोक भरतात. आम्ही मंडळात नियम केला की ज्याची घरपट्टी थकलीय त्याने गावाबद्दल सूचना करायच्या आधी ती भरायची. सहा महिन्यांत १४ पैकी ११ घरांची भरली गेली. वर्गणीपेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

पहिलं काम छोटं घ्या, सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल असं, आणि एका हंगामात संपणारं. आम्ही वनराई बंधारा घेतला, म्हणजे माती भरलेल्या गोण्या ओढ्यात रचून पाणी अडवायचं.

आमच्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरी मार्चमध्ये टँकरची वाट बघावी लागते, कारण खाली कातळ आणि जमिनीला उतार, पडलं ते वाहून गेलं. बारवी, भातसा अशी मोठी धरणं आमच्याच मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात, ठाण्यात माझ्या नळाला येणारं पाणीही भातसा आणि उल्हास नदीतूनच येतं, मी नळ सोडते तेव्हा रोज हे आठवतं. वनराई बंधाऱ्याला टेंडर लागत नाही, रिकाम्या गोण्या आणि माणसांचे हात लागतात. वेळ म्हणजे दसऱ्यानंतर, पाऊस थांबलाय पण ओढा अजून वाहतोय तेव्हा. उशीर केलात की अडवायला पाणीच नाही. जागा अशी बघा जिथे ओढा अरुंद आहे, दोन्ही काठ टणक आहेत, आणि वरच्या बाजूला उतार कमी आहे म्हणजे पाणी लांबवर मागे पसरतं. जागा शोधायला इंजिनीअर नको, गुराख्याला विचारा. सिमेंटच्या नाहीतर खताच्या गोण्या, खताच्या असतील तर धुऊन घ्या, पाऊण भरा, पूर्ण ठोकून भरलेली गोणी नीट बसत नाही. सुतळीने शिवा. विटांसारखे सांधे चुकवत रचा, मधे चिकणमाती लिंपा, तळ रुंद आणि वर निमुळतं, उंची तीन-चार फुटांच्या वर नको, आणि मधोमध थोडा भाग खाली ठेवा, जास्तीचं पाणी तिथून जाईल, नाहीतर कडेने माती कापून बंधारा जातो. आमचा पहिला असाच गेला, तिसऱ्या दिवशी. परत बांधला. जागा वनखात्याची असेल तर आधी त्यांना लेखी कळवा, ग्रामसभेचा ठराव जोडा. आणि पावसाच्या आधी गोण्या काढून घ्या, नाहीतर सगळं प्लॅस्टिक नदीत जातं.

चारेकशे गोण्या, दीड दिवस, पस्तीस माणसं, त्यात ठाण्याहून गेलेले आम्ही नऊ. विहीर फेब्रुवारीच्या मध्याला तळाला जायची ती मार्च संपेपर्यंत टिकली. सात घरांनी भेंडी आणि काकडी लावली. पुढच्या दिवाळीत चार घरं भट्टीवर गेली नाहीत. चारच. पण त्या चार घरांतली सहा पोरं वर्षभर शाळेत राहिली, मधेच गळली नाहीत, आणि पट फार कमी म्हणून जिच्याबद्दल धाकधूक होती त्या जिल्हा परिषद शाळेला त्या सहा पोरांनी आधार दिला. तिच्या शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यातली तीन नावं आता वाडीतली आहेत.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचं उदाहरण सगळेच देतात, पण बहुतेक जण झाडं आणि बंधारे सांगतात. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाले, तेव्हापासून तिथे जे झालं त्यातली अवघड गोष्ट नियमांची होती, सिंचनासाठी बोअरवेल नाही, उसासारखी पाणी खाणारी पिकं नाहीत, मोकाट चराई नाही, कुऱ्हाड नाही, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. पाणी अडवणं दोन दिवसांचं काम आहे, अडवलेलं पाणी कोणी किती घ्यायचं हे ठरवणं वर्षांचं. आमच्याकडे दुसऱ्याच वर्षी एकाने बंधाऱ्यात मोटार टाकली. भांडण झालं असतं, पण आम्ही बंधाऱ्याच्या ठरावातच लिहून ठेवलं होतं की आधी पिण्याचं, मग गुरांचं, मग परसबाग, मोटार नाही, आणि त्याच्याच काकाने तो कागद त्याला वाचून दाखवला.

जंगल लागून असेल तर वनहक्क कायदा २००६ विसरू नका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे बांबू स्वतः विकला, तिथले पुढारी देवाजी तोफांचं नाव ऐकलं असेल. तिथे अभ्यास गट होते, आधी वर्षानुवर्षं बसून कायदा समजून घेतला. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो, वेळखाऊ आहे, आमचा अजून कागदं गोळा करण्याच्या टप्प्यावर आहे.

भाजी पिकली की विकायची कुठे, इथे ठाणेकर खरे उपयोगी. पहिल्या वर्षी मंडळातल्या पोरांनी लोगो, नाव, पाकिटं सगळं केलं आणि टेम्पोचा हिशेब केलाच नाही, भाजी कल्याणला व्यापाऱ्याला पडत्या भावाने द्यावी लागली. मग उलट्या बाजूने सुरुवात केली. कळवा आणि खारेगावच्या सोसायट्यांतली तीस घरं पकडली, व्हॉट्सअॅपवर गुरुवारी ऑर्डर, शनिवारी सकाळी टेम्पो. भाव बचतगटाच्या बायका ठरवतात, आम्ही नाही. भेंडी, वाल, पावसाळ्यात रानभाज्या, शेवळं आणि टाकळ्याला तर लोक आधी पैसे पाठवतात. गट उमेदमध्ये (बचतगटांसाठीचं सरकारी अभियान) नोंदलेला ठेवा, हिशेबाची वही दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचा, आणि ठाण्याच्या माणसाच्या खात्यावर पैसे घेऊ नका, एक रुपयाही नाही, सगळं गटाच्या खात्यावर. रोजगार हमीचं काम हवं असेल तर मागणी लेखी आणि तारखेच्या पोचेसकट, तोंडी मागितलेलं काम मिळत नाही. हे दिवाळीच्या आधीच करा, मुकादम उचल द्यायला यायच्या आधी, एकदा उचल घेतली की त्या घराचे हात बांधलेले असतात.

दोन गोष्टींना जपा. निवडणूक तोंडावर असताना नवीन काही सुरू करू नका, तुम्ही कितीही सरळ असलात तरी कोणाचे तरी माणूस ठरता आणि भावकीत जुने वाद वर येतात. आणि जमीन. आमच्या भागात फार्महाऊससाठी एजंट फिरतात, ठाण्यात राहणारे भाऊ सह्या करून मोकळे होतात आणि ओढ्याच्या वरचा माळ कुंपणात जातो, मग गुरांची वाट बंद आणि विहिरीच्या वरचं पाणलोटही गेलं. विकायचीच असेल तर निदान आधी वाडीत विचारा, आमच्याकडे एका जमिनीबाबत तीन भावांनी तसं केलं आणि ती वाडीतल्याच माणसाने हप्त्याने घेतली.

आमची पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरची. पत्रिकेवर दोन विषय द्यायचेत, पाड्याच्या विहिरीचं पुनर्भरण आणि बंद पडलेली संध्याकाळची एसटी परत सुरू करायची मागणी, आगाराला द्यायच्या पत्रावर आत्तापर्यंत ६३ सह्या झाल्यात. वहिनीने महिला सभेची तारीख २७ सप्टेंबर ठरवलीय, मी त्या दिवशी रजा टाकलीय, अर्जाच्या कॉपी कळव्यातच काढून नेते, कारण मागच्या वेळी मुरबाडला झेरॉक्सवाल्याकडे लाईट नव्हती आणि अर्धा दिवस गेला होता.